सात पुस्तकं मागे

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लोक जिमची वर्षभराची फी भरतात, साखर सोडतात, पहाटे पाचचे गजर लावतात. आमची पुतणी पुस्तकांचा आकडा लावते. यंदाचा आकडा बावन्न. आठवड्याला एक पुस्तक. ऐकणाऱ्याला हे सोपं वाटतं, कारण त्याला तिच्या पुस्तकांची जाडी ठाऊक नसते.

वय चोवीस, मुक्काम पुणे, नोकरी हिंजवडीला, पंथ फॅन्टसी, उपपंथ यंग ॲडल्ट. हिच्यासारख्या मुली तुम्ही पाहिल्या असतील. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसतात, खांद्याच्या कापडी पिशवीवर ड्रॅगन असतो, मांडीवर सहाशे पानं असतात, आणि आपला स्टॉप मागे गेल्याचं त्यांना पुढच्या स्टॉपवर कळतं. मुलगेही या पंथात असतात, पण ते एकेक लेखक धरून बसतात आणि शक्यतो आकडे लावत नाहीत. ‘यंग ॲडल्ट’ हा शिक्का प्रकाशक साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी लावतात. प्रत्यक्षात 2012 सालच्या एका अमेरिकी पाहणीत ही पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी 55 टक्के लोक अठराच्या वरचे निघाले. त्यामुळे चोविसाव्या वर्षी हे वाचणं पोरकट नाही, आम्ही बहुमतात आहोत, असं पुतणी ठणकावून सांगते. हा आकडा तिला तोंडपाठ आहे. स्वतःचा पॅन नंबर नाही.

गुडरीड्स नावाच्या ॲपवर 2011 पासून ही वार्षिक शर्यत चालते. आकडा आपणच ठरवायचा, धावायचंही आपणच, आणि हरायचंही आपल्याशीच. ॲप फक्त हिशेब ठेवतं. जुलैच्या मध्यावर अठ्ठावीस पुस्तकं व्हायला हवीत, झालेली असतात एकवीस. ॲप जराही न रागावता कळवतं की तुम्ही सात पुस्तकं मागे आहात. सातवीत गणिताचे मार्क घरात आठवडाभर लपवून ठेवणारी ही मुलगी हा निकाल मात्र स्वतःहून चारचौघांना दाखवते. गंमत म्हणजे यंदा सात पुस्तकं मागे असण्यात तिला थोडा अभिमानही आहे. गेल्या वर्षी याच सुमाराला ती अकरा मागे होती.

मागे पडण्याची कारणं तिच्याकडे तयार असतात. मुख्य कारण म्हणजे सारा जे. मास. या बाईंची ‘थ्रोन ऑफ ग्लास’ मालिका 2012 साली सुरू झाली आणि 2018 साली संपली. सात कादंबऱ्या आणि एक कथांचं पुस्तक. आता आठ पुस्तकं म्हटल्यावर आपण पहिल्यापासून आठव्यापर्यंत वाचू. या पंथात तसं चालत नाही. कथांचं पुस्तक सगळ्यात आधी वाचायचं, की तिसऱ्यानंतर, यावर दोन तट आहेत, आणि चुकीच्या क्रमानं वाचलेल्या माणसाकडे दोन्ही तट सारख्याच दयेनं बघतात. पोथीच्या पारायणालाही इतके नियम मी पाहिलेले नाहीत.

त्यातला कहर मी एका रविवारी दुपारी डोळ्यांनी पाहिला. दादाकडे जेवायला गेलो होतो. जेवणाच्या टेबलावर दोन जाडजूड पुस्तकं शेजारी शेजारी उघडी, दोन्हींतून रंगीत चिकटपट्ट्यांच्या झालरी बाहेर आलेल्या, आणि मधे ही, एकदा या पुस्तकात, एकदा त्या. विचारलं तर खुलासा झाला. मालिकेतलं ‘एम्पायर ऑफ स्टॉर्म्स’ 2016 साली आलं आणि नायिकेला भलत्याच संकटात टाकून संपलं. वाचकांनी श्वास रोखून वर्ष काढलं. 2017 साली ‘टॉवर ऑफ डॉन’ आलं, त्यात नायिकेचा पत्ताच नाही! एक जखमी सरदार दूर दक्षिणेच्या खंडात उपचाराला गेलाय, त्याचीच गोष्ट. पण काळ तोच, जो आधीच्या पुस्तकात चालू होता. मग वाचकांनीच तोड काढली. दोन्ही पुस्तकं एकदम लावायची. याची काही प्रकरणं, मग त्याची काही, मग पुन्हा याची. कुठून उडी मारायची त्याची कोष्टकं लोकांनी बसून तयार केली आहेत. पिवळी पट्टी दिसली की दुसरं पुस्तक उचलायचं, निळी दिसली की परत पहिलं.

“पुस्तकं उचल गं, पानं वाढायची आहेत,” वहिनी आतून म्हणाल्या.

“आधीच तेराशे आहेत, आई.”

आणि एवढं करून महिनाअखेर ॲपवर पुस्तकं जमा झाली दोन. हा अन्याय तिला फार लागतो. मालिकेचा शेवटचा खंड ‘किंगडम ऑफ ॲश’ हजाराहून थोड्या कमी पानांचा आहे, तो संपवला तरी एक. तिच्या ऑफिसातला सहकारी श्रीमंत कसं व्हावं यावरची सव्वाशे पानांची पुस्तकं वाचतो, त्याचंही एक. तो नऊ पुस्तकं पुढे आहे. श्रीमंत अजून झालेला नाही.

मग नोव्हेंबर उजाडला की बारीक पुस्तकांचा हंगाम सुरू होतो. मालिकांच्या मधे निघालेल्या छोट्या कादंबरिका, चित्रकथा, आणि बसमध्ये कानात घालून पावणेदोनपट वेगानं ऐकलेली पुस्तकं. या ऐकीव पुस्तकांवरून दादाशी तिचा वाद झाला.

“ऐकलेलं पुस्तक वाचलेलं कसं धरतेस?” दादानं विचारलं. “कीर्तनाला बसलो म्हणजे ज्ञानेश्वरी वाचली असं म्हणायचं का?”

“बाबा, महाराष्ट्रानं सातशे वर्षं दुसरं काय केलं?”

दादा पेपर वाचायला लागला.

वाचणं आणि विकत घेणं हे या मुलींचे दोन वेगळे छंद आहेत, आणि पगार दुसऱ्या छंदावर जातो. न वाचलेल्या पुस्तकांच्या चळतीला त्यांच्यात ‘टीबीआर’ म्हणतात. पुतणीची टीबीआर पलंगाच्या डोक्याशी सुरू होऊन खिडकीपर्यंत गेली आहे. आणखी पुस्तकं घ्यायची नाहीत अशी दरवर्षी शपथ होते. मग कुठल्यातरी पुस्तकाची नवी आवृत्ती येते, जिच्या पानांच्या कडा रंगवलेल्या असतात आणि कडेवर ड्रॅगन उडत असतो. मजकूर तोच, अक्षर न अक्षर. पण जुन्या प्रतीला रंगीत कडा नाहीत ना! 2025 च्या जानेवारीत ‘ऑनिक्स स्टॉर्म’ नावाचं ड्रॅगनांचं पुस्तक आलं तेव्हा तिनं ते बरंच आधी नोंदवून ठेवलं होतं. खोका आला. तो तिनं कात्रीनं न उघडता नखानं सोडवला, पुस्तक दोन्ही तळव्यांवर धरून उजेडाकडे नेलं आणि चारही कोपरे तपासले. खालचा एक कोपरा दबलेला निघाला, गव्हाच्या दाण्याएवढा. ते दाखवायला तिनं मला भिंग दिलं. ऑनलाइन दुकानाला फोटो गेला, तक्रार गेली, दुसरी प्रत आली. पहिली प्रत परत न्यायला कुणी आलंच नाही. आता घरात दोन आहेत. एक वाचायची, एक बघायची.

या पुस्तकांच्या आत काय असतं, हे मी आता ऐकून ऐकून सांगू शकतो. सुरुवातीला नकाशा असतो. त्यात उत्तरेला बर्फ, मधे डोंगर, आणि एक समुद्र जो नंतर ओलांडावाच लागतो. मग सतरा-अठरा वर्षांची नायिका, जिला आपण कोण आहोत हे माहीत नसतं पण कट्यार चालवता येते. एक देखणा, उर्मट शत्रू, जो पहिल्या भागात शत्रू असतो. ‘शत्रूपासून प्रियकरापर्यंत’ हा या पंथातला सगळ्यात लाडका रस्ता, आणि तो जितका लांबचा तितका चांगला. ली बार्डुगोच्या 2015 सालच्या ‘सिक्स ऑफ क्रोज’मध्ये काझ ब्रेकर नावाचा पोरगा सतराव्या वर्षी अख्ख्या बंदरात दहशत बसवून टोळी चालवतो आणि अभेद्य किल्ल्यावर दरोडा घालायला पाच जणांना घेऊन निघतो. आपल्याकडे सतराव्या वर्षी पोरगा बारावीच्या क्लासला जातो, तोही बाबांच्या स्कूटरवरून. हे मी बोललो तर दादा म्हणाला, सोळाव्या वर्षी तोरणा घेतला होता, विसरू नकोस. घरात या विषयावर कुणाशीच जिंकता येत नाही.

वहिनींची शंका मात्र रास्त होती. या पोरींच्या आया कुठे असतात? रात्री-अपरात्री पोर जंगलात फिरतेय, जेवली की नाही कुणी विचारत नाही. पुतणीनं ‘द क्रुएल प्रिन्स’चं उदाहरण दिलं. होली ब्लॅकची ही कादंबरी 2018 ची. त्यात नायिकेच्या आई-वडिलांचा खून पहिल्या काही पानांतच होतो आणि खून करणाराच पोरींना आपल्या घरी नेऊन वाढवतो. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग पुतणीनं घाईघाईनं ‘फोर्थ विंग’ काढलं. रेबेका यारोसचं 2023 चं. यात आई आहे, जिवंत आहे, चांगली सेनापती आहे. मुलीला लेखनिक होऊन ग्रंथसंग्रहालयात बसायचं होतं, पण आईनं तिला बळजबरीनं ड्रॅगनवर बसायच्या शाखेत घातलं, जिथे कितीतरी मुलं शिकता शिकता मरतात.

“ही बाई मला पटली,” वहिनी म्हणाल्या.

पुतणीला बारावीनंतर आर्ट्सला जायचं होतं. ती काही बोलली नाही, पण त्या पानावर तिची लाल चिकटपट्टी होती, ती मी पाहिली.

तू मराठी काही वाचतेस की नाही, हा प्रश्न प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी तिला विचारतोच. विचारणाऱ्यानं स्वतः शेवटचं पुस्तक केव्हा वाचलं ते मी विचारत नाही. तिनं चौथीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीतूनच वाचलं, आणि तिथून पुढे मराठीनं तिला काय दिलं असतं? कुमारांसाठीच्या गोष्टी संपल्या की आपल्याकडे पोराच्या हातात थेट ‘मृत्युंजय’ येतं. मधली पायरीच नाही. तिनंही ते वाचलं, आणि शिवाजी सावंतांच्या या 1967 च्या कादंबरीवर तिनं आपल्या पद्धतीनं शेरे लिहिले. नायक जन्मतःच निवडलेला, अंगावर जादूचं चिलखत. राजपुत्र असून आपण कोण हे माहीत नाही. रक्ताचे भाऊ शत्रू. जिवलग मित्र वाईट, पण मैत्रीला पक्का. पाच तारे. दादाला हे कळल्यावर तो दोन दिवस अस्वस्थ होता. माझ्या मते कर्णावरचा इतका नेमका अभिप्राय आमच्या एम. ए.च्या वर्गातही कुणी दिला नव्हता.

आणि हे खूळ परदेशातून आलं म्हणणाऱ्यांनी जरा कपाटं उघडावीत. मराठी कादंबरी रांगायला लागली ती याच अंगणात. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. राजकन्या, भुयारं, विमानं, कपटी मंत्री, शेवटी लग्न. हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी माजघरात आणली आणि राजकन्यांना बाहेर जावं लागलं, ते चांगलंच झालं म्हणा, पण वाचकांचा जीव त्यांच्यातून निघाला नाही. नाथमाधवांची ‘वीरधवल’ त्यानंतरची, आणि ती आमच्या आईनं शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकाचं कव्हर घालून वाचली होती.

आई आता पंचाऐंशीची आहे. डोळ्यांनी वाचता येत नाही. रात्री जेवणं झाली की पुतणी तिच्या पायाशी बसून वाचलेलं सांगते. ‘द क्रुएल प्रिन्स’मधल्या राजपुत्राला शेपूट असते हे ऐकून आई म्हणाली, “असू दे, स्वभावानं कसा आहे?” ड्रॅगनची गोष्ट तर तिला फारच आवडली. त्यातली काही प्रकरणं आजीसमोर सांगण्यासारखी नाहीत, ती पुतणी ‘मग त्यांचं जमलं’ एवढ्या तीन शब्दांत उरकते.

“जमायला किती पानं लागली?” आईनं विचारलं.

“तीस-चाळीस.”

“मग नीट सांग की.”

‘फोर्थ विंग’पासून सुरू झालेली ही मालिका पाच भागांची व्हायची आहे. तीन भाग सांगून झाले, आणि तिसरा अगदी ऐन मोक्याला तुटतो. चौथा कधी, असं आईनं चार रात्री विचारलं. लेखिका अमेरिकेत असते, असं सांगितलं तर तिला फोन लाव म्हणाली. पाचव्या रात्री ती वैतागली आणि चौथा भाग तिनं स्वतःच सांगायला घेतला. दुसऱ्या भागात ज्यांचा जीव गेला होता (कोणाचा ते मी इथे लिहिलं तर पुतणी माझ्याशी बोलणार नाही), त्यांना तिनं पहिल्याच रात्री परत आणलं. आता रोज अर्धा तास पुतणी खाली बसून ऐकते, मधे मधे वहीत टिपून घेते, आणि वहिनींनी पोळ्यांचा कट्टा पुसता पुसता दारात उभं राहायला सुरुवात केली आहे. काल रात्रीपर्यंत धाकट्या ड्रॅगनची सोयरीक जुळत आली होती. मानपानावरून अडलंय.