कुर्ल्याचं इंजिन कोईमतूरला जातं

फियाट ११०० डीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, बिडाच्या ब्लॉकचं आणि मालकाच्या मते खानदानी असतं. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात तयार होई; तिचीच पुढे पद्मिनी झाली आणि काळीपिवळी होऊन मुंबईभर फिरली. पन्नास वर्षं उलटलेल्या खासगी गाडीची २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते आणि नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. आदल्या दिवसापर्यंत सोसायटीची जागा अडवणारा खटारा त्या दिवसापासून वारसा होतो. वारशाला गल्लीतल्या मिस्त्रीचा हात लागलेला मालकाला खपत नाही. मग पंप, मोटर आणि ओतकामासाठी नावाजलेल्या कोईमतूरचा एखादा कारागीर शोधून काढला जातो. तो मुंबईहून सुमारे साडेतेराशे किलोमीटरवर असतो, ही त्याची मोठीच पात्रता ठरते.

इंजिन उतरवण्याआधी त्यावरचा नंबर घासून स्वच्छ करून फोटो काढावा. आरसी बुकात तोच नंबर असतो. इंजिन हरवलं तर गाडी दारात उभी आणि तिची ओळख परमुलखात, अशी अवस्था होते. मग ऑइल आणि पाणी पूर्ण काढायचं. 'पूर्ण' या शब्दाबद्दल मिस्त्री आणि इंजिन यांच्यात कायम मतभेद असतात. तळाचा प्लग लावून तासाभराने पाहिलं तर खाली पुन्हा थारोळं असतं. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनामो, सेल्फ आणि फॅन काढून वेगळ्या खोक्यात भरावेत, कारण जे बाहेर येतं ते हमाल मूठ म्हणून धरतो. स्पार्क प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून क्रँक हाताने दोनचार फेरे फिरवला की बोअरला गंज धरत नाही. मेनिफोल्डची तोंडं लाकडी खुंट्यांनी किंवा पत्र्याने बंद करावीत. नुसती चिंधी कोंबू नये; ती आत जाते आणि पुढचा मालक ती शोधतो.

खरा घोटाळा तळाशी होतो. चेंबर म्हणजे ऑइल साठवणारा पत्र्याचा डबा. तो सगळ्यांत खाली असल्यामुळे बघणाऱ्याला ते इंजिनाचे पाय वाटतात आणि इंजिन त्याच्यावर उभं केलं जातं. पत्रा चेपतो, ऑइल पंपाची जाळी दबते, बाहेरून काहीच दिसत नाही. मग इंजिन नव्याने बांधून सुरू केलं की ऑइल चढत नाही, बेअरिंगं जातात आणि दोष कारागिराच्या माथी बसतो. म्हणून इंजिनाचा भार फाउंडेशनच्या जागा आणि मागची बेलहाउसिंग यांवरच यायला हवा. तिथल्याच भोकांतून बोल्ट घालून ते लोखंडी अँगलच्या चौकटीत पकडावं आणि चौकट जाड फळ्यांच्या पाटावर बोल्टने बसवावी. इंजिन जुन्या टायरवर ठेवून सुतळीने बांधायची पद्धत गॅरेजांत लोकप्रिय आहे. गल्लीतून गल्लीत न्यायला ती चालते. साडेतेराशे किलोमीटर टायरवर बसलेलं इंजिन झोपाळ्यावर बसल्यासारखं झुलत जातं आणि सुतळी निपाणीच्या आसपास राजीनामा देते.

पाटाखाली दोन उभे ओंडके ठोकून ट्रॉलीची पाती शिरतील एवढी फट ठेवावी. फट नसेल तर पहार येते, आणि पहार कशाच्या आधाराने लावायची हे ठरवायचा अधिकार पहारवाल्याचा असतो. मग वरून फळ्यांचा खोका ठोकावा; त्यावर 'नाजूक' लिहिण्याचा उपयोग नाही. लोखंडाला नाजूक म्हटलेलं वाचून गोडाऊनची करमणूक मात्र होते. त्याऐवजी वजन मोठ्या अक्षरांत लिहावं. दोघांऐवजी चौघे उचलायला येतात.

यानंतर कळंबोलीचं ट्रान्सपोर्ट ऑफिस. इथे मालाची किंमत विचारली जाते. आदल्या संध्याकाळपर्यंत पाहुण्यांना लाखांत सांगितली जाणारी किंमत काउंटरपाशी येताच 'भंगारच आहे हो' इथवर उतरते, कारण भाडं वाढेल अशी मालकाला धास्ती असते. नुकसान झाल्यावर ती पुन्हा लाखांत जाते, पण तोवर बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाटलेली असते. बिल्टीवर 'ओनर्स रिस्क'चा शिक्का बहुधा आधीच मारलेला असतो. इथे कायदा जाणून घेणं फायद्याचं आहे. १८६५ चा कॅरिअर्स ॲक्ट इतका टिकाऊ निघाला की त्याची जागा घेणारा रस्ते मालवाहतुकीचा कायदा २००७ साली आला. त्याखालच्या नियमांनुसार जास्त जोखमीचा दर ठरवून भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती असते. म्हणजे भाड्यात वाचवलेला प्रत्येक रुपया भरपाईतले दहा घेऊन जातो. खरी किंमत लिहून वेगळा ट्रान्झिट विमा काढणं त्याहून स्वस्त पडतं.

माल पन्नास हजारांच्या वरचा असेल तर परराज्यात जाताना ई-वे बिलाचा प्रश्न येतो. त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस, म्हणजे कोईमतूरसाठी सात दिवस. पूर्वी हेच इंजिन जकात नाक्यांवर थांबत, प्रत्येक ठिकाणी नव्याने 'हे काय आहे' या प्रश्नाला तोंड देत गेलं असतं.

प्रत्यक्ष प्रवास त्यामानाने निरुपद्रवी असतो. पुणे, खंबाटकी, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग. पार्ट लोडच्या ट्रकमध्ये शेजारी प्लॅस्टिकचे पाइप, कुणाचा तरी सोफा आणि पत्ता पुसलेली पोती असतात. खोका डाल्याजवळ न ठेवता पुढे, केबिनच्या भिंतीला टेकवून बांधला तर गतिरोधकांचे हिसके कमी बसतात. पण बेंगळुरूला माल दुसऱ्या ट्रकमध्ये जातो, आणि साडेतेराशे किलोमीटरांनी केलं नसतं ते नुकसान या दहा फुटांत होतं. दोन ट्रकांची फळी सारख्या उंचीची नसते. उरलेलं अंतर इंजिन स्वतःच्या वजनावर पार करतं. शक्य असेल तिथे वाटेत माल न बदलणारा ट्रक घ्यावा, भाडं जास्त पडलं तरी.

कोईमतूरला डिलिव्हरीचा माणूस सहीची घाई करतो. तरी खोका आधी उघडावा. चौकट वाकली आहे का, चेंबर चेपलाय का, क्रँक हाताने फिरतो का, एवढं पाहायला दहा मिनिटं लागतात. काही मोडलेलं दिसलं तर फोटो काढून बिल्टीवर शेरा लिहावा आणि मगच सही करावी. दावा लावायचा झाल्यास वाहतूकदाराला लेखी नोटीस आधी द्यावी लागते, आणि ती माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत.