वासाला तारे नाहीत

पोलादपूरहून महाडकडे निघालेल्या एसटीत नांगलवाडी फाटा आला हे कंडक्टरला सांगावं लागत नाही; खिडक्या आपोआप बंद होऊ लागतात. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2017 साली कारखान्यांना तारे द्यायला सुरुवात केली. धुराड्यातून धूलिकण कमी, तर तारे जास्त. या फाट्याजवळच्या रासायनिक वसाहतीची ख्याती मात्र वासाची, आणि वासाला तारे नाहीत. उपाय जुनाच आहे : आम्लाची वाफ कॉस्टिकच्या पाण्याने धुणारा स्क्रबर. फक्त पाणी वेळेवर बदलावं लागतं, पंप चालू ठेवावा लागतो. पंपाला वीजबिल येतं. हवेत सोडलेल्या वाफेला येत नाही. शिवाय तपासणी दिवसा, वास रात्री. दोघांची गाठच पडत नाही, मग तक्रार कोण कोणाची करणार?