किराणा कुठे गेला?

मट हा ईमेल वाचायचा प्रोग्रॅम मायकेल एल्किन्स यांनी 1995 साली लिहिला. त्यात चित्र नाही, बटण नाही, माउसला काही काम नाही. काळ्या पडद्यावर नुसत्या ओळी. तो वापरणाऱ्याला घरचे विक्षिप्त समजतात आणि तो घरच्यांना अडाणी समजतो, त्यामुळे दोन्ही पक्ष समाधानी असतात.

आमचं समाधान ‘किराणा’ नावाच्या फोल्डरने घालवलं. ऑनलाइन मागवलेल्या सामानाची बिलं त्यात. मटला विचारावं तर एकच उत्तर: असा मेलबॉक्स अस्तित्वात नाही. “काका, माझ्या फोनवर तर दिसतोय,” पुतण्या खांद्यावरून वाकून म्हणाला. अशा वेळी पुतण्याला चहा टाकायला पाठवावं.

पासवर्ड बरोबर, 993 पोर्ट उघडं, इनबॉक्स बिनतक्रार उघडतोय. शेवटी मटला बाजूला सारून ओपनएसएसएल नावाच्या साधनातून थेट ईमेलच्या सर्व्हरशीच बोलायला बसलो. त्याची भाषा आयमॅप; मार्क क्रिस्पिन यांनी 1986 साली घडवलेली. खाक्या मात्र अस्सल सरकारी कचेरीतला. प्रत्येक अर्जावर जावक क्रमांक आपणच घालायचा, उत्तर त्याच क्रमांकाच्या हवाल्याने येणार. क्रमांक विसरलात की अर्ज फेटाळला. ‘ए1’ घालून लॉगिन केलं, ‘ए2’ घालून यादी मागितली.

यादीत किराणा नव्हताच. इनबॉक्स, टिंब, मग & आणि पुढे सीआरयूजेपीडब्ल्यूकेडब्ल्यू असलं काहीतरी. बराच वेळ बघितल्यावर उमगलं, हाच तो! आयमॅप आलं तेव्हा युनिकोड जन्माला यायचं होतं, म्हणून देवनागरी नाव असं रोमन संकेतात लिहायची सोय पुढे केली गेली. ‘किराणा’ एवढ्याशा शब्दाची त्यात सोळा चिन्हं होतात, वर दोन्ही टोकांना एकेक राखणदार.

तो संकेत मट मुकाट्याने उलगडतो. खरी मेख होती टिंबात. या सर्व्हरवर झाडून सगळे फोल्डर इनबॉक्सच्या पोटात नांदतात, आणि मधे तिरपी रेघ नाही, टिंब. मट बिचारा इनबॉक्सच्या बाहेरच किराणा शोधत होता. सांगाल तिथे जाईल, पण इकडेतिकडे डोकावणार नाही. या गुणासाठीच तर तो आवडतो. मटआरसी या सेटिंगच्या फाइलीत पत्त्यामागे ‘इनबॉक्स’ जोडलं आणि फोल्डर उघडला.

चहा आला. पहिलंच बिल निघालं पीडीएफ. मट पीडीएफ स्वतः दाखवत नाही. त्यासाठी मेलकॅप नावाची आणखी एक फाइल लिहावी लागते. पुतण्याने फोनवर बिल उघडलं आणि तूरडाळीचा भाव मोठ्याने वाचून दाखवला.