चिमूटभर जायफळ, जहाजभर बदनामी

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. प्रकरण चारशे वर्षांपूर्वीचं आहे, पण त्यातली दोन्ही घरं अजून नांदती आहेत. उगाच कुणाच्या कानावर जायला नको.

इकडे इंग्रज, तिकडे डच, मध्ये समुद्राची अरुंद पट्टी. दोन्ही घरं अगदी सोवळ्यातली. पोपला न मानणारी, रविवारी न चुकता चर्चला जाणारी, पोराबाळांना काटकसर शिकवणारी. घरोबाही असा, की स्पेनच्या राजानं डचांना छळलं तेव्हा १५८५ साली एलिझाबेथ राणीनं त्यांच्या मदतीला फौज धाडली. आणि हीच माणसं पुढं १६५२ ते १६७४ या बावीस वर्षांत तीन-तीन युद्धं करून भर समुद्रात एकमेकांच्या झिंज्या उपटत होती! कशावरून म्हणाल? हेरिंग मासे होते, जहाजांची भाडी होती, मिरी-लवंग होती. पण ज्या चिजेनं दोघांची अब्रू वेशीवर टांगली, ती तुमच्या-माझ्या खड्या मसाल्याच्या डब्यात कोपऱ्यात पडलेली असते. जायफळ!

आता आपण जायफळ वापरतो ते कसं? श्रीखंडासाठी किसणीवर दोनदा फिरवायचं, पुरणात चिमूटभर घालायचं, बाळाच्या गुटीत सहाणेवर एक वेढा द्यायचा. दुसऱ्या वेढ्याला आमची आजी हात धरायची, "पोर उद्या दुपारी उठेल गं" म्हणून. तिकडे युरोपात काय थेरं चालली होती बघा. प्लेगवर उतारा म्हणून वैद्य जायफळ सांगायचे, आणि लोक ते सुगंधी पुडीत घालून गळ्यात बांधायचे. पुढंपुढं तर शौकीन मंडळी खिशात चांदीची इवलीशी किसणी बाळगायला लागली, आपल्याकडच्या तपकिरीच्या डबीसारखी. दुसऱ्याच्या घरी मेजवानीला जायचं, पेला पुढं आला की खिशातून आपलं जायफळ काढायचं आणि चारचौघांत किसत बसायचं. आपल्याकडे कुणी खिशातून वेलदोडा काढून यजमानाच्या चहात टाकला असता, तर पुन्हा त्या दारात उभं केलं नसतं. पण एकदा फॅशन म्हटली, की रीतभात गेली चुलीत.

ही चीज येते कुठून, ते या शौकिनांच्या गावीही नव्हतं. आजच्या इंडोनेशियाच्या पूर्वेला बांदा नावाची चिमुकली बेटं आहेत. त्या काळी जगाच्या बाजारात येणारं जायफळ आणि जायपत्री तेवढ्याच बेटांवर पिकायची. तिथली वाट पोर्तुगीजांना ठाऊक होती, आणि ते कुणाला ताकास तूर लागू देत नव्हते.

मग ही वाट फुटली कुठून? आपल्या गोव्यातून! १५८३ साली लिन्स्खोटेन नावाचा एक डच तरुण आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून गोव्यात आला. पाच वर्षं साहेबांचं मीठ खाल्लं, आणि त्या काळात टिपून काय घेतलं? समुद्राच्या वाटा, वारे, बंदरं, कुठं काय पिकतं आणि पोर्तुगीजांची पकड कुठं ढिली पडली आहे. घरी जाऊन १५९६ साली सगळं छापून मोकळा. दोन वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतरही निघालं. पत्रं लिहायला ठेवलेल्या माणसानं घराची किल्ली छापून गावभर वाटावी, याला काय म्हणायचं? लगेच १६०० सालच्या अखेरच्या दिवशी लंडनला ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली, आणि १६०२ मध्ये डचांनीही आपली कंपनी थाटली. दोन्ही शेजारी एकाच झाडाखाली झोळी पसरून उभे.

झाड होतं बांदात, आणि इंग्रजांच्या वाट्याला आलं त्यातलं रुन बेट. लांबी जेमतेम तीन किलोमीटर, रुंदी त्याहून कितीतरी कमी. १६१६ च्या डिसेंबरात नॅथॅनिएल कोर्टहोप नावाचा कप्तान दोन जहाजं घेऊन तिथं पोचला. डचांच्या जाचाला कंटाळलेल्या बेटकऱ्यांनी इंग्लंडच्या जेम्स राजाचं छत्र पत्करलं. डचांनी वेढा घातला. कोर्टहोप मूठभर माणसांनिशी तिथं जवळजवळ चार वर्षं चिवटपणे बसून राहिला. मधल्या काळात, १६१९ साली, युरोपात दोन्ही कंपन्यांच्या थोरल्या मंडळींनी गळ्यात गळे घालून सलोख्याचा करार केलासुद्धा! व्याही-व्याही पंगतीला मांडीला मांडी लावून बसलेत आणि परसात पोरं एकमेकांची डोकी फोडताहेत, तशातली गत. १६२० मध्ये डचांनी कोर्टहोपच्या होडीवर गोळीबार केला आणि तो समुद्रात गेला तो गेलाच.

त्यानंतर तीन वर्षांनी आंबोयनाचं प्रकरण झालं. जवळच्याच आंबोन बेटावर डचांचा किल्ला होता. तो घेण्याचा कट केला, असा आळ घालून डचांनी इंग्रज कंपनीच्या दहा माणसांची मुंडकी उडवली. त्याआधी कबुलीसाठी तोंडावर फडका बांधून वर पाणी ओतत राहायचं, असा छळ केला. त्यांच्याबरोबर काही जपानी शिपाईही मारले गेले. झालं, लंडनात टाहो! छळाची चित्रं छापलेल्या पुस्तिका निघाल्या. डचांशी बिनसलं की तीच कढी पुन्हा ऊत आणून वाढायची. पन्नास वर्षांनी, तिसऱ्या युद्धाच्या वेळी, जॉन ड्रायडननं त्यावर 'अंबोयना' नावाचं नाटकच रंगभूमीवर आणलं. इंग्रजांची स्मरणशक्ती किती लांब असते, ते यावरून ओळखा. मात्र ती कुठं कमी पडते, तेही पुढं सांगते.

मग मानपान! आपल्याकडे मानपानावरून लग्नं मोडतात, यांच्याकडे युद्धं जुळली. इंग्लंडभोवतालचा समुद्र आमच्या मालकीचा, तेव्हा आमचं निशाण दिसलं की परक्या जहाजानं आपलं खाली घ्यायचं, असा इंग्रजांचा हट्ट. १६५२ च्या मे महिन्यात डोव्हरसमोर डच अॅडमिरल मार्टिन ट्रॉम्प आणि इंग्रजांचा रॉबर्ट ब्लेक समोरासमोर आले. निशाण खाली येईना. ब्लेकनं इशाऱ्याचे बार काढले, तिकडून तोफा सुटल्या, आणि पहिलं युद्ध पेटलं. तिसऱ्या खेपेला तर कहर! १६७१ साली इंग्रज वकिलाची बायको लेडी टेंपल हॉलंडहून माहेरी, म्हणजे इंग्लंडला, परत निघाली. तिला आणणाऱ्या राजाच्या छोट्याशा नौकेला हुकूम काय, तर उभ्या डच आरमाराच्या मधून जा आणि सलामी मागा! बाई बिचारी सामानसुमान घेऊन बसलेली, आणि हे भांडण उकरायला निघालेले. शेजाऱ्याच्या अंगणातून मुद्दाम शेळी हाकायची आणि त्यानं हटकलं की कांगावा करायचा, त्यातलाच प्रकार.

आता जरा जवळ या, हे हळूच सांगण्यासारखं आहे. सॅम्युअल पीप्स हा इंग्रज आरमार कचेरीतला बडा अधिकारी. रोजनिशी लिहायचा, तीही लघुलिपीत, कुणाला वाचता येऊ नये म्हणून. आज ती जगभर छापून निघते! १६६५ च्या सप्टेंबरात लंडन प्लेगनं ओस पडलं होतं, आणि इंग्रजांनी डचांची मालानं लादलेली दोन जहाजं पकडून आणली होती. २४ तारखेला हे गृहस्थ ग्रेव्हसेंड गावाच्या टोकाला, एका अंधाऱ्या दारूच्या गुत्त्यात शिरले. तिथं दोन कळकट खलाशी. त्यांच्याकडून ३७ पौंड लवंग साडेपाच शिलिंग भावानं आणि १० पौंड जायफळ चार शिलिंग भावानं घेतलं, आणि रोख सोनं मोजलं. घरी येऊन वर लिहितात काय, तर ही माणसं किती खुळी, इतकं स्वस्त देतात! अहो, खलाशांनी चोरलेला माल घेतलात तुम्ही, आणि खुळे ते? नोव्हेंबरात हेच साहेब पकडलेल्या जहाजात उतरले, तेव्हा म्हणे मिरी पायाखाली चुरडत होती आणि लवंग-जायफळातून गुडघ्याच्या वर बुडून चालावं लागलं.

पीप्सचा आश्रयदाता, आरमाराचा सेनानी अर्ल ऑफ सँडविच, त्याच्याही वरचढ. पकडलेल्या जहाजांतला माल राजाच्या खजिन्यात रीतसर जमा होण्याआधीच त्यानं आपल्या अधिकाऱ्यांत वाटून टाकला आणि स्वतःचाही वाटा उचलला. बोभाटा झाला. शिक्षा? स्पेनला राजदूत म्हणून रवानगी. बदली हो, बदली! सरकारं बदलतात, युक्त्या त्याच राहतात.

इतक्या कमाईनंतर इंग्लंड गब्बर झालं असेल ना? कुठलं! १६६७ च्या जूनपर्यंत तिजोरीत खडखडाट. खलाशांना पगाराऐवजी चिठ्ठ्या, मोठी जहाजं खर्च नको म्हणून बंदरात बांधून ठेवलेली. अॅडमिरल डी रॉयटरचं डच आरमार सरळ मेडवे नदीत शिरलं, आडवी बांधलेली साखळी पार केली, जहाजं जाळली आणि 'रॉयल चार्ल्स' हे इंग्रजांचं मानाचं जहाज दोर लावून ओढत घरी नेलं. याच जहाजातून चार्ल्स राजा वनवास संपवून गादीवर आला होता! त्या जहाजाच्या मागल्या बाजूची नक्षीदार फळी अॅमस्टरडॅमच्या राइक्समुझियममध्ये अजून टांगलेली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावी म्हणून.

त्या दिवशी पीप्ससाहेबांनी काय केलं? आपलं १३०० पौंडांचं सोनं बायको आणि वडिलांच्या हवाली करून गावाकडे पुरायला पाठवलं. त्या दोघांनी ते रविवारी, लख्ख उजेडात, बागेत पुरलं! ऑक्टोबरात साहेब कंदील घेऊन खणायला गेले, तर पिशव्या कुजलेल्या आणि नाणी चिखलात. मग देशाच्या आरमाराचा अधिकारी माती चाळत बसला.

अखेर १६६७ च्या जुलैत ब्रेडाचा तह झाला. जे ज्याच्या हाती, ते त्याचं. रुन डचांकडे राहिलं, आणि त्याआधी तीन वर्षं इंग्रजांनी बळकावलेलं न्यू अॅमस्टरडॅम इंग्रजांकडे. म्हणजे आजचं मॅनहॅटन हो! चार्ल्स राजाचा भाऊ जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क, त्याच्या नावानं ते न्यूयॉर्क झालं. आणि गंमत बघा, याच जेम्सनं पुढं आपली मुलगी मेरी एका डच राजपुत्राला दिली. १६८८ साली त्याच जावयानं आरमार आणून सासऱ्याला गादीवरून उठवलं. तीन युद्धांत जे जमलं नाही, ते एका सोयरिकीनं जमलं.

आपण तरी नामानिराळे होतो का? वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. १६७३ मध्ये रिक्लोफ फान गोन्सचं डच आरमार थेट मुंबईसमोर येऊन ठाकलं, आणि गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरची तयारी बघून परतलं. आपली माणसं डचांना 'वलंदेज' म्हणायची आणि सगळ्यांना मिळून 'टोपीकर'. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावून ठेवलं, की हे इतर सावकारांसारखे नुसते सावकार नव्हेत, प्रत्येकाच्या पाठीशी राजा आहे. गुत्त्यातल्या पीप्सला पाहिलं नसूनही पंतांनी मासा बरोबर ओळखला होता.

आता ती स्मरणशक्ती कुठं कमी पडली, ते. आंबोयनाच्या दोन वर्षं आधी, १६२१ साली, डच गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून मोठं आरमार घेऊन बांदावर उतरला. जायफळ आम्हालाच विका, या कराराला बेटकरी जुमानत नव्हते, एवढाच गुन्हा. त्यानं ४४ प्रमुखांची मुंडकी जपानी भाडोत्री शिपायांकडून उडवली. गावं जाळली, लोक उपाशी मारले, कित्येकांवर कड्यांवरून उडी टाकायची वेळ आणली, कित्येक गुलाम करून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला, नेले. बेटांवर साधारण पंधरा हजारांची वस्ती होती असा अंदाज आहे. मागं हजाराच्या आसपास उरली. मग जमिनीचे ६८ तुकडे पाडून डच बागाईतदारांना दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. कंपनीच्या संचालकांनी इतका कडकपणा नको होता, म्हणून जरा चुकचुक केली आणि जायफळ घेतलं.

दहा इंग्रजांसाठी लंडननं अर्धशतक छाती पिटली. बांदाच्या हजारोंसाठी त्या आवाजाच्या दशांशानंही कुणी ओरडलं नाही. सलामी दिली नाही, याचा कोण बभ्रा. कुणाचा कप्तान गेला, कुणाचं जहाज ओढून नेलं, कुणाचं सोनं कुजलं, सगळं टिपलेलं आहे, आणि मीही मघापासून मिटक्या मारत तेच सांगत बसले. ज्यांचं झाड होतं त्यांचं नाव माझ्याही तोंडी शेवटी आलं.

काही बांदाकर होड्यांतून केई बेटांवर पळाले होते. तिथल्या बांदा एली गावात त्यांची भाषा आजही बोलतात. खुद्द बांदावर ती उरलेली नाही.

सुरुवातीला म्हटलं होतं, बाहेर बोलू नका. ते निशाणाचं, सोन्याचं, जावयाचं नाही बोललात तरी चालेल. हे शेवटचं तेवढं बोला.