कोपराचं मत

गोल्फ खेळणाऱ्याला वय विचारू नये. आयर्नला, म्हणजे धातूच्या पात्याच्या काठीला, शाफ्ट (दांडा) कुठला बसवलाय, एवढंच विचारावं. 'स्टील!' असं छाती पुढे काढून उत्तर आलं, तर गृहस्थ पन्नाशीच्या आत तरी आहेत, नाहीतर पन्नाशी मान्य करायला तयार नाहीत. 'ग्रॅफाइट' असं आलं, तर मागोमाग खुलासाही येतो. डॉक्टर म्हणाले म्हणून, मुलाने अमेरिकेहून आणले म्हणून, सेलमध्ये होते म्हणून. 'मला हवे होते म्हणून घेतले' असं सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

वास्तविक भांडण काही ग्रॅमचं. डायनॅमिक गोल्डसारखा जुनाजाणता स्टील शाफ्ट साधारण 130 ग्रॅमचा. ग्रॅफाइटचे बरेचसे 50 ते 80च्या घरात. म्हणजे फरक एखाद्या लिंबाएवढा. हलकं आयर्न जरा वेगाने फिरतं, चेंडू उंच उडतो, बहुतेकांचा चार पावलं लांबही जातो. जड स्टीलमध्ये आयर्नचं डोकं कुठे आहे ते हाताला कळत राहतं आणि फटक्यामागून फटका एकाच अंतरावर पडतो. ड्रायव्हरने लांब मारायचं आणि आयर्नने नेमकं, अशी कामाची वाटणीच आहे. म्हणून नेमकेपणाचे भोक्ते स्टील सोडत नाहीत. मात्र याच मंडळींच्या बॅगेतल्या ड्रायव्हरला ग्रॅफाइटच असतो. तिथे कुणाच्या पुरुषार्थाला बाध येत नाही.

ग्रॅफाइटची बदनामी जुनी आहे. 1970च्या सुमारास हे शाफ्ट बाजारात आले, तेव्हा ते फटक्यासरशी पिळवटायचे आणि चेंडू कुठल्या झाडीत शिरेल याचा नेम नसायचा. आता कार्बनच्या तंतूंचे थर गुंडाळायची कला पार बदलली. ब्रायसन डिशॅम्बोने 2020ची यूएस ओपन जिंकली तीही ग्रॅफाइट शाफ्टची आयर्न घेऊन. त्याचे दंड बघितल्यावर त्याला 'सीनियर' म्हणायची कुणाची टाप नाही.

आणि स्टीलने तरी इतका तोरा का मिरवावा? शंभर वर्षांपूर्वी तेच उपरं होतं. तेव्हा शाफ्ट हिकरीच्या लाकडाचे. अमेरिकेने 1924मध्ये स्टीलला परवानगी दिली. गोल्फचे नियम करणाऱ्या स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजकरांनी 1929पर्यंत नाक मुरडलं. बॉबी जोन्सने 1930मध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा मारल्या, त्या हिकरीवरच. पुढे त्याच्या नावाची स्टीलची आयर्न निघाली, तेव्हा त्या शाफ्टवर लाकडासारखं दिसणारं पिवळसर वेष्टण चढवलेलं होतं. पोलादाला लाकडाचं सोंग घ्यावं लागलं, कारण गिऱ्हाइकाला पोलाद घेतल्याची लाज वाटत होती! आज तीच लाज ग्रॅफाइटच्या वाट्याला आली आहे.

दुकानात या लाजेचा हिशेब चोख ठेवलेला असतो. फ्लेक्स म्हणजे शाफ्ट किती वाकतो त्याचे प्रकार: स्टिफ, रेग्युलर, सीनियर. जाळीत सात नंबरचं आयर्न मारून घेतात, मशीन वेग सांगतं, विक्रेता हळूच 'सीनियर' म्हणतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "आज जरा खांदा आखडलाय." मग रेग्युलरवर तडजोड होते. गंमत म्हणजे या फ्लेक्सना सगळ्या कंपन्यांचं मिळून एक माप नाही. एकीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका ताठ निघू शकतो. तेवढ्यासाठी माणसं दुकानं बदलतात.

खरा निकाल मात्र मशीन देत नाही. पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर डिसेंबरातल्या सकाळी गवत ओलं असतं, बोटं गारठलेली असतात. आयर्नच्या पात्याची खालची कडा चेंडूच्या पोटावर बसते. टण्ण! स्टीलमधून झिणझिण्या निघतात त्या मनगट ओलांडून थेट कोपरात. ग्रॅफाइट तो हादरा बराचसा वाटेतच गिळतो. अशा वेळी कॅडी तोंड फिरवून पुढच्या झेंड्याकडे बघत उभा राहतो आणि जरा वेळाने म्हणतो, "साहेब, काठी कुठलीबी घ्या, डोकं तेवढं वर उचलू नका."

तेव्हा मंडळी, कोपर ठणठणीत असेल, वेग असेल, तर स्टील खुशाल घ्या; बहुतेक वेळा ते स्वस्तही पडतं. कोपर कुरकुरत असेल तर ग्रॅफाइट घ्या आणि कुणाला खुलासा देऊ नका. घेण्याआधी मित्राची आयर्न मागून पूर्ण अठरा होल खेळा. पहिल्या होलला काहीही चांगलंच वाटतं, चौदाव्यानंतर हात काय म्हणतो ते ऐका. आणि दोन्हींतलं काहीही घेतलंत तरी थोडे पैसे शिकवणीसाठी राखून ठेवा.