सत्तावीस फुटांवरचं सोयाबीन

कॉर्नहोल शिकू पाहणाऱ्या मंगरूळपीरकरांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

कॉर्नहोल हा अमेरिकेचा अंगणातला खेळ. एक कललेली फळी, तिला वरच्या बाजूला भोक, आणि लांबून त्या भोकात धान्याची पिशवी फेकायची. आता त्याच्या लीग आहेत, बक्षिसाच्या रकमा आहेत, टीव्हीवर थेट प्रक्षेपण आहे. मंगरूळपीरला तो अजून पोचलेला नाही. पण पोचल्यावर नियम वाचत बसायला कुणाला वेळ असतो? म्हणून आधीच वाचून ठेवा.

पहिलं काम सुताराकडे. फळी 4 फूट लांब, 2 फूट रुंद. मागची कड जमिनीपासून 1 फूट उंच, पुढची तीन-चार इंच. वरच्या कडेपासून 9 इंचांवर मध्य धरून 6 इंच व्यासाचं भोक. अशा दोन फळ्या. सुतार विचारेल, "हे भोक कायले पायजे?" खेळासाठी म्हणालात तर मजुरी दुप्पट सांगेल. बेसिनसाठी म्हणा.

दोन फळ्यांच्या पुढच्या कडांमध्ये 27 फूट अंतर लागतं. आपल्या गल्लीत मोटारसायकली, वाळत घातलेली तूर आणि कुणाची तरी बाज वगळून सलग 27 फूट सापडणं ही पात्रता फेरी समजावी. सापडलीच जागा तर ती मुरमाची आहे ना, ते बघा. काळ्या मातीत फळी मांडू नये. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की फळीचा एक पाय आत जातो आणि भोक आभाळाकडे तोंड करून बसतं. पावसाळ्यात प्रत्येक फेकीगणिक चपलेला पावशेर माती चिकटते. तिसऱ्या डावात पाय उचलत नाही, हात काय उचलणार.

आता गुण. प्रत्येकी चार पिशव्या, आळीपाळीने फेकायच्या. भोकात गेली तर 3, फळीवर राहिली तर 1. तुमचीच फळीवरची पिशवी समोरच्या गड्याच्या धक्क्याने आत गेली तरी 3 गुण तुमचे, आभार मानायची गरज नाही. मग वजाबाकी: तुमचे 5 आणि त्याचे 4 झाले तर तुमच्या खाती फक्त 1. नवख्यांना इथे धक्का बसतो. शेतमाल विकून हिशेबाची चिठ्ठी हातात घेतलेल्या माणसाला बसत नाही. जो आधी 21 गाठेल तो जिंकला. काही घरगुती खेळांत 21 च्या वर गेलेल्याला मागे ढकलतात. स्पर्धेत तसं नाही.

दंडांकडे वळू, कारण खरी गंमत तिथेच आहे. फेकताना पाय फळीच्या पुढच्या कडेच्या रेषेपलीकडे गेला तर ती पिशवी बाद. पिशवी आधी जमिनीवर आपटली आणि मग उडी मारून फळीवर चढली तर तीही बाद, आणि लगेच उचलून बाजूला ठेवायची. फळीवरून लोंबतेय पण टोक मातीला टेकलंय, शून्य. झाला दंड! ज्यांनी लहानपणी गोट्या खेळल्या त्यांना हे वाचून हसू येईल. आपल्याकडे हरणाऱ्याला मूठ जमिनीवर टेकवावी लागायची आणि बाकीचे तिच्यावर नेम धरून गोट्या मारायचे. बोटांची पेरं आठवडाभर नियम विसरू देत नसत. अमेरिकेत पिशवी उचलतात आणि म्हणतात, पुढच्या वेळी सांभाळा.

त्यामुळे आपल्याकडे पायाचा नियम जरा वेगळ्या रीतीने राबवावा लागेल. नमुना संवाद पाठ करून ठेवा:

"तुया पाय पुढं गेला ना बे!"

"माया पाय कुठी गेला? रेघच मागं सरकली."

यानंतर रेघ चपलेने पुसली जाते आणि नव्याने ओढली जाते. नवी रेघ ज्याने ओढली त्याच्या सोयीची असते. हा अमेरिकन पुस्तकातला नियम नाही, पण इथे तोच चालेल.

पाळी आल्यावर 20 सेकंदांत पिशवी सुटली पाहिजे. हातात खर्ऱ्याची पन्नी असेल तर हे जमणार नाही. खर्रा घोटणं आणि नेम धरणं दोन्ही उजव्या हाताची कामं आहेत. पन्नी सोबत्याकडे द्यावी, आणि सोबती विश्वासू निवडावा.

आता पिशवी, म्हणजे या खेळाचा जीव. 6 इंच लांब, 6 इंच रुंद, वजन 16 औंस, म्हणजे साधारण 454 ग्रॅम. पूर्वी तिच्यात मका भरत. मका दमट हवेत ओल धरतो, उंदरांना आवडतो, त्याला सोंडे लागतात आणि झिजून पीठही होतं. म्हणून स्पर्धेत आता प्लास्टिकचे दाणे भरतात. आपण सोयाबीन भरू, पण मग ओलाव्याचा प्रश्न येणारच. हमीभावाच्या खरेदीला 12 टक्के ओलावा चालतो. 2024 च्या हंगामात ती अट 15 टक्क्यांपर्यंत सैल केली होती. आपली पिशवी कोणत्या वर्षीच्या अटीत बसते, हे सामन्याआधी ठरवा. ओलावा मोजायचं यंत्र कुणाचं, हेही ठरवा. हे ठरवताना संध्याकाळ झाली तर सामना दुसऱ्या दिवशी घ्या. रात्रीतून ओलावा बदलेल, म्हणजे पुन्हा मोजणी आली.

पिशवीचा वाद फक्त आपल्याकडेच होईल असं समजू नका. 2022 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनात जागतिक स्पर्धेतला दुहेरीचा सामना टीव्हीवर चालू असताना एका जोडीच्या पिशव्या नियमापेक्षा लहान असल्याची तक्रार झाली. मोजल्या; निघाल्या नियमाबाहेर. मग समोरच्या जोडीच्याही मोजल्या, त्याही नियमाबाहेर! अधिकाऱ्यांनी विचार केला आणि त्याच पिशव्यांनी सामना पुढे चालू ठेवला. वर्तमानपत्रांत मोठा गाजावाजा झाला. आपल्याकडच्या कुठल्याही काट्यावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला यात नवल वाटेल ते एकाच गोष्टीचं: दोन्ही बाजूंचं माप तपासलं गेलं. इथे पोत्यातली खोट सापडते, कडता लागतो आणि काट्याकडे कुणी बघत नाही.

समोरचा नेम धरत असताना ओरडणं, त्याच्या नजरेसमोर हात हलवणं खिलाडूपणात बसत नाही. "उद्या लाइन कधी जाणार हाय रे?" असा प्रश्न मात्र सामान्य चौकशीत मोडतो. आपल्या बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेत साबणावर रिंग टाकायचा सराव असेल तर या दबावाची सवय असेलच.

सगळ्यात अवघड नियम शेवटी ठेवला आहे. कॉर्नहोलमध्ये बहुतेक सामन्यांना पंच शेजारी उभा नसतो. प्रत्येक डावानंतर दोन्ही खेळाडूंनी फळीपाशी जायचं, कुणाच्या किती पिशव्या कुठे आहेत ते बघायचं आणि गुणांवर एकमत करायचं. एकमत होईपर्यंत एकाही पिशवीला हात लावायचा नाही. पंचाला बोलवायचं ते वाद मिटेना तरच. आपल्याकडे पंचाला आधीच बोलवून ठेवा, त्याला खुर्ची द्या, त्याच्या चहाची सोय करा आणि सामना सकाळी आठला सुरू करा. पहिला डाव जेवणापर्यंत आटपू शकतो.