दाखल्यावर नाव चढलं का?

देवनहळ्ळीत राहणाऱ्या माणसाने दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावाबद्दल बोलू नये. गावाला या बाबतीत मोठा अनुभव आहे. आमच्या गॅलरीतून दिसणारा विमानतळ २००८ साली सुरू झाला आणि २०१३ साली त्याला केंपेगौडांचं नाव मिळालं. १५३७ साली बंगळूर वसवलं ते हे केंपेगौडा. झालं, बारसं पार पडलं. पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये गिरीश कार्नाड एका समारंभात बोलून गेले, की या विमानतळाला टिपू सुलतानाचं नाव शोभलं असतं. टिपूचा जन्म देवनहळ्ळीतलाच. पण गदारोळ असा उठला की दुसऱ्याच दिवशी कार्नाडांना माफी मागावी लागली. माथेरानला जन्मलेला, ‘तुघलक’ लिहिणारा, ज्ञानपीठ मिळवलेला माणूस. ‘उंबरठा’त आपण स्मिता पाटीलचा नवरा म्हणून पाहिला तो हा. त्याची ही गत. मत बरोबर की चूक यात मी पडणार नाही, मला अजून इथल्या घराचे हप्ते फेडायचे आहेत. मला एवढंच दिसतं की ते दोन वर्षं उशिरा बोलले.

हे सगळं आठवलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या बाळामुळे.

बाळाचे आईबाबा आमचे मित्र. तो साताऱ्याचा, ती बेळगावची, दोघांच्या नोकऱ्या बंगळुरात आणि घर देवनहळ्ळीत, कारण ते घेतलं तेव्हा इथे घर परवडत असे. बाळ बघायला जाताना मी चक्कोता नेला, म्हणजे आपलं पपनस. देवनहळ्ळीच्या चक्कोत्याला जीआय मानांकन आहे, पण ते बाळंतिणीला चालतं का, यावर साताऱ्याच्या आणि बेळगावच्या आजींमध्ये मी चप्पल काढेपर्यंत मतभेद झाले होते. अशा हवेत मैत्रीण म्हणाली, “नाव ठरलंय आमचं. सांगते, पण खरं खरं सांग हं कसं वाटतंय.”

नाव मी इथे लिहीत नाही. मूल उद्या वाचायला शिकेल. एवढं सांगते की तीन अक्षरांत दोन जोडाक्षरं आहेत आणि अर्थ विचारला की आईबाबा दोघंही फोन काढतात. अर्थ ‘सूर्याचा पहिला किरण’ असा निघाला. हल्ली ज्या नावाचा अर्थ पटकन सांगता येत नाही त्याचा अर्थ सूर्याचा किरण असतो, आणि मुलीचं असेल तर देवीचं एक रूप.

मी म्हणाले, “छान आहे. वेगळं आहे.”

“म्हणजे आवडलं नाही,” मैत्रीण म्हणाली.

‘वेगळं आहे’ आपण कधी म्हणतो ते तिला माहीत होतं. नव्या सुनेच्या आमटीला म्हणतो, पुतण्याच्या लघुपटाला म्हणतो. मग तिने माझं मन वळवण्यासाठी बाद झालेल्या नावांची यादी दाखवली, आणि ही यादी ठरलेल्या नावापेक्षा कितीतरी वाचनीय होती. ‘मिहिर’ बाद, कारण तिच्या मावसबहिणीचा साखरपुडा त्याने मोडला होता. ‘निनाद’ बाद, कारण तो चौथीत बाबाचा डबा खायचा. ‘अनिकेत’ म्हणजे ऑफिसातला मॅनेजर, ज्याला पहाटे दोन वाजता सुचतं. ‘आरव’ फार गोड, पण इमारतीत आधीच चार आहेत. खाली बागेत एका आईने हाक मारली की चारही घसरगुंड्या रिकाम्या होतात. ‘समीर’वर तिने काट मारली होती आणि कारणाचा रकाना मोकळा ठेवला होता. त्याच्याकडे तिचा नवरा बराच वेळ बघत होता.

यादी वाचताना माझ्या लक्षात आलं, की नावाबद्दल मत असं काही नसतंच. आपण मत देतो ते त्या नावाच्या, पूर्वी कधीतरी भेटलेल्या, तिसऱ्याच माणसाबद्दल. बाळ बिचारं पाळण्यात, आणि चर्चा चौथीतल्या डब्याची. नवी नावं इतकी अवघड का असतात याचाही उलगडा झाला. त्या नावाचा माणूस अजून कुणालाच भेटलेला नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण.

पूर्वी बरोबर उलटं चालायचं. ज्याच्यावर श्रद्धा त्याचंच नाव पोराला. टिपूचं नाव अर्काटच्या टिपू मस्तान औलियावरून ठेवलेलं. आणि बंगळूरची जहागिरी पुढे ज्यांच्याकडे आली त्या शहाजीराजांचं? मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, दोन मुलगे झाले, एक शहाजी, दुसरा शरीफजी. घरच्यांपैकी कुणी ‘वेगळं आहे’ म्हणालं असेल तर बखरकारांनी ते लिहून ठेवलेलं नाही. आज गावोगावी शहाजी आहेत आणि त्या नावामागचा पीर कुणाला आठवत नाही. नवस नसेल तर आजोबांचं नाव नातवाला द्यायचं. पण सुनेने सासऱ्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, त्यामुळे दत्तात्रेय, विनायक, पुरुषोत्तम वगैरे सगळे जन्मभर बाळ, बंड्या आणि नाना म्हणून जगले. नाव निवडण्यात वेळ गेला नाही आणि ते वापरावंही लागलं नाही.

आमच्या बाळाला आजोबांचं नाव द्यावं असं कुणी सुचवलं नाही, आजोबांनीही नाही. बेळगावच्या आजींनी मात्र पत्रिका काढली. हस्त नक्षत्र, चौथा चरण, अक्षर ‘ठ’. अवकहडा चक्रात सत्तावीस नक्षत्रांचे चार-चार मिळून १०८ चरण असतात, त्यांतला हा नेमका यांच्या वाट्याला आला. (विमानतळावरचा केंपेगौडांचा पुतळाही १०८ फुटांचा. संबंध काही नाही, पण आजींना तो शकुन वाटला.) हस्ताचे चारही चरण तसे कठीण: पू, ष, ण आणि ठ. ‘ण’वर बाळ थोडक्यात वाचलं. ‘ठ’वरून आजींना ठकसेन सुचला, आजोबांना ठाकूरदास, आणि माझ्या नवऱ्याने ‘ठाणे’ म्हटल्यावर मी त्याला चहाचे कप आत नेऊन ठेवायला सांगितलं.

तळमजल्यावरचे कन्नड आजोबा आले तेव्हा त्यांना नावाशी कर्तव्यच नव्हतं. त्यांनी विचारलं, “इनिशियल काय लावणार?” त्यांच्याकडे आधी गाव, मग वडील, मग मुलाचं नाव, अशी जुनी चाल. कन्नडचे थोर कवी डी. व्ही. गुंडप्पा जन्मले मुळबागलला, पण त्यांच्या नावातला ‘डी’ देवनहळ्ळीचा. आजोबांचं म्हणणं, बाळानेही गावाचं नाव लावावं. कल्पना मला फार आवडली होती. पण आजकाल माणूस गावात कुठे राहतो, सोसायटीत राहतो, आणि आमच्या सोसायटीचं नाव इटालियन आहे.

तेवढ्यात साताऱ्याहून आत्याबाईंचा व्हिडिओ कॉल आला. बाळाच्या बाबाची ही मोठी बहीण शिक्षिका. त्यांनी नाव ऐकलं, दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हणता येतंय. चालेल.” मग म्हणाल्या, “लाड करताय ते बरं आहे रे. माझ्या हजेरीपटावर नकुशा असायच्या.” पोरं जगत नाहीत म्हणून दृष्ट लागू नये यासाठी ठेवलेल्या धोंडू-दगडूत निदान माया होती. मुलीवर मुलगी झाली म्हणून ठेवलेल्या नकुशात ती नव्हती. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ करून २८५ मुलींची नावं बदलली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री. त्या मुलींच्या बारशांनाही शेजारणी आल्या असतील, घुगऱ्या खाऊन गेल्या असतील. तिथे एखादीने खरं खरं मत द्यायला हवं होतं. बाकी सगळ्या बारशांना आपण न विचारता देतो.

खोलीत जरा शांतता झाली. मग आत्याबाईच म्हणाल्या, बारशाला मी येतेय, पाठीला तेल लावून येते. ही आपल्याकडची रीत मला मनापासून आवडते. आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि सांगून होताच तिच्या पाठीत सगळ्या बायकांनी बुक्के घालायचे. जबाबदारी कुणाची आणि शिक्षा कुणाला, दोन्ही जागच्या जागी पक्कं. आईबाबांनी गुपचूप ठरवलेल्या नावासाठीही बुक्के आत्याच खाते. नावाबद्दल मत देणाऱ्यांनाही त्याच रांगेत उभं करावं, म्हणजे मतं निम्म्याने कमी होतील, असं मी सुचवून पाहिलं. ‘ठाणे’ सुचवणाऱ्याने तेवढ्यात लिफ्टचं बटण दाबलं होतं.

राहता राहिला कायदा, आणि तो घरच्यांपेक्षा समंजस आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची, पण नाव तेव्हाच द्यायला हवं असं नाही. रकाना मोकळा ठेवता येतो आणि पुढे वर्षभरात पैसे न भरता नाव चढवता येतं. टिपूच्या वेळी ही सोय नव्हती, त्याच्या जन्माचं साल आजही कुणी १७५० लिहितं, कुणी १७५१. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. आमचं बाळ कर्नाटकात जन्मलं, त्याला तो लागू नाही. मैत्रिणीने स्वतःचं नाव तरीही घातलंय, आणि त्यावर दोन्ही आज्या पहिल्यांदाच एकमताने गप्प बसल्या.

आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा दाखलाच लागतो. म्हणजे एकदा चढलेलं नाव उतरवणं कुणालाही परवडणार नाही. तेव्हा वाचकहो, कुणी बाळाचं नाव सांगून “खरं खरं सांग” म्हणालं, तर आधी एवढंच विचारा, दाखल्यावर चढलं का? नसेल चढलं तर एकदाच बोला, हळू बोला आणि डब्याची गोष्ट सांगू नका. चढलं असेल तर ‘छान आहे’ म्हणा आणि तिथेच थांबा. ‘वेगळं’ म्हणू नका, त्यांना कळतं.